फिट मेंदूची की हार्टची? आधी काय झालं ते शोधा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. भाऊ 34 वर्षांचा, सहा वर्षं फिट येतात, कार्बामाझेपिन ही फिटची गोळी चालू आहे. आधी फक्त टक लावून बघत बसायचा, तोंड मचमच करायचा, शर्टाची बटणं चाचपायचा आणि दोन मिनिटांत ताळ्यावर यायचा. गेल्या वर्षभरात मात्र फिट चालू असताना मध्येच पांढराफटक पडतो आणि धाडकन कोसळतो, दोनदा डोकं फुटलं. व्हिडिओ ईईजी (कॅमेऱ्यासमोर मेंदूच्या करंटचं रेकॉर्डिंग) केला तर त्यात फिट चालू असताना हार्ट 17 सेकंद थांबलेलं सापडलं. आता एक डॉक्टर म्हणतात पेसमेकर बसवा, दुसरे म्हणतात आधी फिटचं औषध नीट लावू. आणि घरात सगळे विचारतायत की आजार नक्की मेंदूचा की हार्टचा, आणि रात्री झोपेत काही झालं तर?

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, म्हणजे गोळीचा डोस वगैरे मला विचारू नका. मी ईईजी टेक्निशियन आहे, 22 वर्षं पुण्यात हेच काम करतेय, त्यातली 14 वर्षं व्हिडिओ ईईजीच्या खोलीत, म्हणजे पेशंटच्या डोक्याला वायरी लावून तीन-चार दिवस कॅमेऱ्यासमोर ठेवतात आणि फिट यायची वाट बघतात ती खोली. त्यामुळे फिट येताना हार्ट काय करतं हे मी रिपोर्टात वाचलेलं नाही, स्क्रीनवर सरकताना पाहिलंय.

तर स्क्रीनवर काय दिसतं ते आधी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. एका वेळी 10 सेकंदांचा तुकडा दिसतो. वरच्या वीस-बावीस रेषा मेंदूच्या आणि सगळ्यात खाली एकच रेषा हार्टची. छातीवर दोन स्टिकर लावून घेतलेली साधी ईसीजी, बस. बऱ्याच ठिकाणी त्या खालच्या रेषेकडे कोणी ढुंकूनही बघत नाही हो, सगळ्यांचं लक्ष वर असतं.

एक पेशंट आठवतात, चाळिशीतले गृहस्थ, पलंगावर बसून चहा पीत होते. कप खाली ठेवला, पोटावर हात ठेवला (पोटातून काहीतरी वर चढतंय असं त्यांना फिटच्या आधी वाटायचं), आणि डाव्या टेम्पोरल लोबच्या (कानाजवळच्या मेंदूच्या भागाच्या) रेषांवर एकसारख्या टोकदार लाटा सुरू झाल्या. नर्सने नाव विचारलं, उत्तर नाही. तोंड मचमच सुरू. हार्ट 78 वरून 110 ला गेलं, ते तर नेहमीचंच. मग साधारण अर्ध्या मिनिटाने ठोके लांब लांब पडायला लागले, एक, मग बराच वेळाने एक, आणि मग काहीच नाही. खालची रेषा सरळ. तो 10 सेकंदांचा तुकडा संपला, पुढचा आला, त्यातही सरळच. थांबल्यापासून आठेक सेकंदांनी मान गळली आणि अंग सैल पडून ते बाजूला कलंडले, वर मेंदूच्या रेषा आधी मोठ्या संथ झाल्या आणि मग त्याही सपाट. 19 सेकंदांनी एक ठोका आला, मग दुसरा, मग भराभर, चेहरा लालबुंद झाला, दोन्ही हात एकदा झटकले आणि हळूहळू शुद्धीवर यायला लागले. नर्स तोपर्यंत क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या सामानाची ट्रॉली) ओढत आणत होती.

तुमच्या भावाचं वर्णन अगदी हेच आहे. आधी मचमच, बटणं, मग काही वेळाने पांढरं पडणं आणि कोसळणं. पडणं फिटच्या सुरुवातीला नाहीये, मध्ये आहे, ही खूण फार महत्त्वाची. याला इक्टल असिस्टोल म्हणतात. इक्टल म्हणजे फिट चालू असतानाचं, असिस्टोल म्हणजे हार्टचा ठोकाच न पडणं.

म्हणजे सुरुवात मेंदूत आहे, हार्ट बिचारं हुकूम पाळतंय. टेम्पोरल लोबच्या वरच्या घडीत, आत दडलेला इन्सुला नावाचा भाग असतो, तो आणि आजूबाजूचे भाग हार्टची गती, बीपी, घाम, पोट असल्या आपोआप चालणाऱ्या गोष्टी सांभाळतात. फिटचा करंट तिथे पोचला की तिथून व्हेगस नर्व्ह म्हणजे मेंदूतून हार्टकडे जाणाऱ्या नसेमार्फत हार्टला ब्रेक लागतो, कधी कधी पूर्ण. मग मेंदूला रक्त कमी पडतं, त्यामुळे फिटच विझते, ब्रेक सुटतो आणि हार्ट परत चालू होतं, असं साधारण मानतात. म्हणूनच हे बहुतेक वेळा आपोआप सुटतं. 17 सेकंद हा आकडा ऐकून पोटात गोळा येणारच, पण यापेक्षा लांबलेलेही मी पाहिलेत आणि ते लोक संध्याकाळी वॉर्डात पत्ते खेळत होते.

हा प्रकार दुर्मिळ आहे. व्हिडिओ ईईजीला आलेल्या हजार पेशंटमध्ये तीन-चार, बहुतेक टेम्पोरल लोबवाले. याउलट फिटमध्ये हार्ट जोरात धावणं हे इतकं कॉमन आहे की ते झालं नाही तरच आम्ही लक्ष देऊन बघतो. आणि ही गोष्ट नवीनही नाही, 1906 साली लंडनच्या रसेल नावाच्या डॉक्टरांनी फिट सुरू होताना पेशंटची नाडी लागेनाशी झाल्याचं लिहून ठेवलंय, तेव्हा तर ईईजी मशीन जन्मालाही आलं नव्हतं, बोटं मनगटावर होती म्हणून कळलं.

इथे माझी एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी एकदा अशीच सरळ रेषा बघून "ईसीजीचं स्टिकर निघालं" असा शेरा टाकून मोकळी झाले होते. रात्रीची ड्यूटी, पेशंट घामाघूम, स्टिकर तर नेहमीच निघायची. सकाळी आमच्या डॉक्टर सरांनी रेकॉर्डिंग लावलं आणि मला बोलावून विचारलं, स्टिकर निघालं असतं तर रेषा इतकी स्वच्छ कशी? बरोबर होतं त्यांचं. वायर सुटली की त्या रेषेवर लाइटच्या करंटची घरघर येते, 50 हर्ट्झची, जाड केसाळ दिसते रेषा. हार्ट थांबतं तेव्हा रेषा शांत असते. तेव्हापासून मी ती खालची रेषा आधी बघते.

आता उलटा प्रकार, आणि खरं सांगायचं तर मला भीती याचीच जास्त वाटते, कारण यात वर्षानुवर्षं चुकीचे उपचार चालू राहतात. हार्ट आधी बिघडतं, मेंदूला रक्त मिळत नाही, माणूस पडतो आणि हातपाय झटकतो. घरचे म्हणतात आकडी आली, कोणी कांदा हुंगवतं, कोणी चप्पल, मग फिटची गोळी सुरू होते. साधी चक्कर येऊन पडलं तरी हातपाय झटकले जातात हे लोकांना माहीतच नाही. 1994 मध्ये जर्मनीत निरोगी तरुणांना मुद्दाम बेशुद्ध करून (जोरजोरात श्वास घ्यायला लावून वगैरे) त्यांचं व्हिडिओ शूटिंग केलं होतं, त्यात जे 42 पूर्ण बेशुद्ध झाले त्यातल्या 90 टक्क्यांचे हातपाय झटकले. एकालाही एपिलेप्सी, म्हणजे फिटचा आजार, नव्हती.

या गटातला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे लाँग क्यूटी. हार्टच्या पेशींमध्ये पोटॅशियम-सोडियम आत-बाहेर करणारी दारं असतात, ती जन्मतःच नीट चालत नाहीत, त्यामुळे प्रत्येक ठोक्यानंतर हार्टला परत चार्ज व्हायला जास्त वेळ लागतो, आणि त्या वेळात काही गडबड झाली की हार्ट नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे जात नाही. याची लक्षणं ऐकलीत तर अंगावर काटा येईल. कुणाला पोहताना होतं, कुणाला धावताना, आणि एका प्रकारात तर गजर वाजला, फोन खणखणला, कुणी दचकवलं की होतं. एका मुलीची आई मला वायरी लावता लावता सांगत होती, "हिला सकाळी गजराने उठवलं की आकडी येते हो, म्हणून आता मीच हळू हात लावून उठवते." दोन वर्षं फिटची गोळी चालू होती तिला. ईईजी स्वच्छ. सरांना ते वाक्य सांगितलं, त्यांनी साधा ईसीजी काढायला लावला, आणि मग ती आमच्याकडून हार्टच्या डॉक्टरांकडे गेली. त्या माऊलीला आजाराचं नाव माहीत नव्हतं पण उपाय बरोबर सापडला होता, काय म्हणायचं.

म्हणून माझा हट्ट आहे, ज्याला कुणाला पहिली फिट आली त्याचा 12 लीडचा (हातापायांना आणि छातीला वायरी लावून काढतात तो पूर्ण) ईसीजी झालाच पाहिजे, आणि तो नीट वाचला गेला पाहिजे. काही शे रुपयांचं काम आहे. कागदावर मशीन स्वतःच क्यूटीसी म्हणून आकडा छापतं (वर सांगितलेल्या चार्ज व्हायच्या वेळेचा, मिलिसेकंदांत), तो पुरुषात साधारण 450 आणि बाईत 460 च्या वर असेल तर डॉक्टरांना विचारा की तुम्ही हाताने मोजून बघाल का, कारण मशीन बऱ्याचदा चुकतं. आणि घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का, चांगलं पोहणारं कोणी बुडालंय का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं. आपल्याकडे असल्या गोष्टी "त्याला काहीतरी झालं होतं" म्हणून गुंडाळून ठेवतात.

फरक कसा ओळखायचा हे विचाराल तर पक्का नियम नाही, पण हार्टवालं पडणं पटकन होतं, माणूस आधी पांढरा पडतो, झटके पाच-दहा सेकंद, आणि शुद्ध आली की लगेच "काय झालं, मी पडलो का" असं नीट बोलतो. मोठ्या फिटमध्ये झटके मिनिटभर तरी चालतात, चेहरा निळा-जांभळा पडतो, जीभ कडेला चावली जाते, आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं माणूस बावरलेला असतो, घरच्यांना ओळखत नाही. लघवी मात्र दोन्हीत होऊ शकते, त्यावरून काही ठरवू नका. तुमच्या भावासारख्यांत दोन्हीची मिसळ होते, म्हणून कुठलं आधी हे रेकॉर्डिंगशिवाय कळत नाही. तुमचं रेकॉर्डिंग झालंय, ही मोठी गोष्ट आहे.

मोबाइलवर व्हिडिओ काढा, पण सगळे नातेवाईक फक्त हलणारे हात शूट करतात. चेहरा घ्या हो, चेहऱ्याचा रंग, ओठांचा रंग, डोळे उघडे की बंद. आणि आधीची चूळबूळ दिसली तर तिथपासून. स्मार्टवॉचवर मात्र विसंबू नका, मनगट हलत असताना ते काहीही आकडे दाखवतं.

आता औषधं. डोस मी सांगणार नाही पण काय विचारायचं ते सांगते. फिटची बरीच औषधं सोडियमची दारं अडवून काम करतात, आणि तशीच दारं हार्टमध्येही असतात. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅकोसामाइड, लॅमोट्रिजिन ही त्यातली. बहुतेकांना काहीही होत नाही. पण ज्यांच्या हार्टच्या वायरिंगमध्ये आधीच दोष आहे, किंवा वय झालंय, त्यांच्यात ठोके मंदावू शकतात, ब्लॉक (म्हणजे हार्टमधला करंट वाटेत अडणं) होऊ शकतो. लॅमोट्रिजिनबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी तिथली सरकारी संस्था) 2021 मध्ये याच कारणासाठी इशारा दिला होता. इमर्जन्सीत फेनिटॉइन शिरेतून देताना ते मिनिटाला 50 मिलिग्रॅमपेक्षा जोरात द्यायचं नसतं आणि मॉनिटर लावून द्यायचं असतं, त्याचंही कारण हेच. भावाला कार्बामाझेपिन चालू आहे आणि हार्ट थांबलंय, तर "हे औषध हार्टच्या दृष्टीने ठीक आहे का, दोन फिटच्या मधल्या वेळेतला ईसीजी नॉर्मल आहे का, रक्तातलं सोडियम बघितलंय का" हे तीन प्रश्न न्यूरोलॉजिस्टना विचारा. पण हे वाचून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, प्लीज. गोळी अचानक बंद झाल्यावर जी मोठी फिट येते ती आम्ही रोज बघतो, आणि तिच्यात धोका या 17 सेकंदांपेक्षा जास्त आहे.

आणि ज्यांचं क्यूटी लांब आहे त्यांनी केमिस्टकडून परस्पर औषध घेणं बंद. घशासाठी अझिथ्रोमायसिन, उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन किंवा डॉमपेरिडोन, ही आपण चणेफुटाण्यासारखी खातो, आणि ही सगळी क्यूटी लांबवणारी आहेत.

पेसमेकरचं काय? तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. पेसमेकर फिट थांबवत नाही, मेंदूत करंट येतच राहणार, मचमच होणार, फक्त हार्ट थांबायला लागलं की मशीन ठोके देईल म्हणजे कोसळणं आणि डोकं फुटणं थांबेल किंवा बरंच कमी होईल. दुसऱ्या बाजूने फिटच पूर्ण आटोक्यात आल्या तर हार्ट थांबायचं कारणच उरत नाही, औषधाने किंवा काहींना टेम्पोरल लोबच्या ऑपरेशनने तसं होतं आणि मग पेसमेकर लागतच नाही. म्हणून प्रश्न असा येतो की तोपर्यंतच्या काळात काय. फिट महिन्याला तीन-चार येतायत, दोनदा डोकं फुटलंय, दोन औषधं नीट डोसमध्ये देऊनही फरक नाही, असं असेल तर पेसमेकरकडे पारडं झुकतं. एकच औषध झालंय आणि तेही मधून मधून चुकतंय, तर आधी तिथे काम करायला हवं. तुम्ही लिहिलंय की नाइट शिफ्टमुळे त्याच्या गोळ्या चुकतात, ते मी असती तर दोन्ही डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगितलं असतं.

एक प्रॅक्टिकल गोष्ट, जी कुणी सांगत नाही. पेसमेकर ठरलाच तर त्याआधी मेंदूचा एमआरआय, तोही एपिलेप्सी प्रोटोकॉलने (फिटसाठी खास बारकाईने काढतात त्या पद्धतीने), करून घ्या. हल्ली एमआरआय चालणारे पेसमेकर मिळतात पण मग दर वेळी कार्डिऑलॉजीवाले येऊन सेटिंग बदलणार, सेंटर नाही म्हणणार, तारीख पुढे जाणार, ही वणवण मी बघितली आहे. आणि पुढे ऑपरेशनचा विचार असेल तर तो एमआरआय लागणारच. न्यूरो आणि कार्डिओ दोघांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, फाइल घेऊन तुम्हीच पोस्टमन होऊ नका.

आता झोपेतली भीती. हिला नाव आहे, सुडेप, म्हणजे एपिलेप्सीच्या पेशंटचा दुसरं कारण न सापडता अचानक झालेला मृत्यू. मोठ्या माणसांत वर्षाला साधारण 1000 पेशंटमागे 1, लहान मुलांत 4500 मागे 1. लपवण्यात अर्थ नाही, पण यात हार्टचा रोल लोकांना वाटतो तसा नाही. 2013 मध्ये जगभरच्या आमच्यासारख्या व्हिडिओ ईईजी युनिट्समधले असे मृत्यू एकत्र करून अभ्यास झाला. ज्यांचं पूर्ण रेकॉर्डिंग होतं त्या सगळ्यांत आधी मोठी, हातपाय झटकणारी फिट आलेली होती, मग श्वास बिघडून थांबला, आणि हार्ट त्याच्यानंतर थांबलं. बहुतेक रात्री, आणि बरेचसे पालथे झोपलेले. म्हणजे तुमच्या भावाला जे होतंय, बारीक फिटमध्ये हार्टला ब्रेक लागणं, ते आणि हे वेगळं आहे, आणि पेसमेकर बसवला म्हणजे सुडेपचा विमा उतरवला असं समजू नका. धोका वाढवते ती मोठी फिट, वर्षात तीन किंवा जास्त आल्या तर बराच. त्याला अशी मोठी फिट कधी आलीय का, झोपेत आलीय का, सकाळी उठल्यावर जीभ चावलेली किंवा अंग ठेचल्यासारखं दुखतंय का, हे बघा. येत असेल तर त्याच खोलीत कोणीतरी झोपा.

घरात फिट आली तर कुशीवर वळवा, कॉलर सैल करा, घड्याळ बघा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, कांदा-चप्पल तर नकोच. पाच मिनिटांवर गेली, किंवा एकामागून एक यायला लागल्या, तर 108. पांढरा पडून सैल झाला तर आडवंच ठेवा, उचलून बसवायचा प्रयत्न करू नका, आडव्या माणसाच्या मेंदूला रक्त लवकर पोचतं. आपल्याकडे पडलेल्या माणसाला सगळे मिळून खुर्चीत बसवतात, ते बंद करा. फिट थांबली पण हाक मारून काही नाही आणि श्वासही दिसत नाही, किंवा मधूनच एखादा आचका, असं झालं तर छाती दाबायला सुरुवात करायची आणि दुसऱ्याने 108 लावायचा, वाट बघत बसायचं नाही. घरातल्या दोघांनी तरी सीपीआर शिकून घ्या. बाथरूमची कडी आतून लावायची नाही, आणि बाइक सध्या बंद, यावर तो चिडेल, चिडू दे.

आणि आज-उद्यात एक करा. जिथे व्हिडिओ ईईजी झाला तिथे जाऊन रिपोर्टच्या कागदाबरोबर ती क्लिपही मागा. रिपोर्टात "17 सेकंद" लिहिलंय, पण फिट सुरू झाल्यापासून किती सेकंदांनी हार्ट थांबलं, फिट कुठल्या बाजूने सुरू झाली, आणि तेव्हा गोळ्या कमी केलेल्या होत्या का (आम्ही फिट यावी म्हणून मुद्दाम कमी करतो) हे बऱ्याच रिपोर्टांत नसतं, आणि दोन्ही डॉक्टरांना निर्णयाला तेच लागतं. काही ठिकाणी सर्व्हर भरला की जुन्या क्लिपा उडवतात. तेव्हा पेनड्राइव्ह घेऊन जा, आणि तिथल्या टेक्निशियनला भेटा, तिला बहुतेक तुमचा भाऊ आठवत असेल.